आपाच्या दुधाची साक्ष

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, मशिदीतल्या सोबत्यांना तर नाहीच. सांगायची वेळ पुष्कळदा आली. दर वेळी काहीतरी काम आठवलं, कोणी पाहुणा आला, नाहीतर मीच नमाजाआधीची वजू, हातपाय धुणं, करायला उठून गेलो. असं करत करत म्हातारा झालो. न सांगण्याचाही माणसाला थकवा येतो, हे तरुणपणी कोणी म्हटलं असतं तर मला पटलं नसतं.

मराठीत लिहितो आहे. घरात आम्ही दख्खनी बोलायचो, निजामाच्या कचेरीत माझी सगळी नोकरी उर्दूत गेली. पण बीडच्या गल्लीत खेळलो आणि भांडलो ते मराठीत, आणि आता नातवंडांना उर्दू वाचता येत नाही. हे त्यांनी वाचावं असं मला वाटतं. तेव्हा घरातलं बोलणंही इथं मराठीतच मांडतो.

माझी मोठी बहीण, जिला आम्ही आपा म्हणायचो, उमापूरला दिली होती. दूल्हाभाईंची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, शेती होती, शिवाय हंगामात कापसाची दलाली करायचे. माणूस शांत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आपाला मूल झालं नाही. दर्ग्याला चादर झाली, हकीम झाले, ताईत झाले. मग आपानंच एक दिवस दंडावरचा ताईत सोडून ठेवला आणि म्हणाली, आता दंडाला वळ पडायला लागलेत.

त्याच सुमारास गाठीच्या तापाची साथ आली. घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालायचे. आपाचं सगळं घर गोदावरीच्या बाजूच्या माळावर जाऊन राहिलं. शेजारच्या झोपडीत परगावाहून आलेलं पिंजारी जोडपं होतं. आधी बाई गेली, मग तिचा नवरा. मागं तान्हं पोर राहिलं, अजून मान न धरलेलं. त्याच्या अंगातही गाठ असणार म्हणून कोणी हात लावेना. पोर रडून रडून गप्प झालं तेव्हा आपा उठली आणि त्याला घेऊन आली. दूल्हाभाई झोपडीच्या दाराशी उभे होते. त्यांनी अडवलं नाही, फक्त बाजूला झाले. हे मला आपानंच सांगितलं. त्या बाजूला होण्यासाठी ती त्यांना जन्मभर मानत होती.

पोर जगलं. साथ ओसरली, लोक गावात परतले, आणि खरा प्रश्न आपाच्या सासूबाईंनी काढला. बाई कडक होत्या, पण आपावर त्यांचा जीव होता.

"पोरगा आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी असती तर माझ्या लेकाची अडचण झाली असती. पोरगा म्हणजे तुझी. उद्या त्याला मिसरूड फुटेल. मग काय करशील? बुरखा घालून त्याला जेवायला वाढशील?"

आमच्यात मूल घरात घेतलं म्हणून ते पोटचं होत नाही. त्याच्या नावापुढं त्याच्या बापाचंच नाव राहतं, आणि वयात आला की वाढवणारी बाई त्याला परकी. पडदा लागतो. पण तान्हेपणी तिनं त्याला आपलं दूध पाजलं असेल तर ती त्याची आई. मग पडदा नाही, काही नाही. लेकरू ते लेकरूच.

"पाज त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"कुठून?" आपा म्हणाली.

त्यांनी गावच्या दाईला बोलावलं. ही हिंदू बाई, अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पानाची पिंक टाकून आली.

"कावून न्हाई येनार? पारडू मेलं तर म्हशीला दुसरं पारडू लावत्यात. पान्हा सोडती का न्हाई?"

"म्हणजे मी म्हैस का?" आपा म्हणाली.

"म्हैस बरी, बीबी. ती शेजारनीचं आयकत न्हाई. तुमाला लई दम धरावा लागंल."

मग ते सुरू झालं. हळिवाची खीर, खसखस, बाळंतशेपा, शतावरीची मुळी दुधात उकळून. एरंडाची पानं तव्यावर गरम करून छातीला बांधायची. पोराला दर थोड्या वेळानं अंगावर घ्यायचं. कोरड्या छातीला ते तोंड लावीना, म्हणून दाईनं युक्ती केली. शेळीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून ती तो वरून हळूहळू पिळायची. थेंब ओघळत खाली यायचे आणि पोर त्या आशेनं ओढत राहायचं. आपाला जखमा झाल्या. तिथं तूप लावून पुन्हा पोर घ्यायचं. तिच्या जावा मागं हसायच्या, समोर विचारायच्या, "आज काय, पाऊस आला का विहिरीला?"

बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं, पण ते पिवळट पाणी. दाई तोंडाची फटकळ. ती पाणवठ्यावर सगळ्या बायकांसमोर सांगून आली, "पानीच हाय आजून." ते वाक्य गावात राहिलं. पुढं जे आलं ते सांगायला ती काही परत पाणवठ्यावर गेली नाही, आणि साल उलटायच्या आत ती वारलीही.

मी तेव्हा विशीचा होतो. गेवराईच्या कचेरीत नुकताच चिकटलो होतो आणि सुट्टी मिळाली की उमापूरला जायचो. एका सुट्टीत गेलो तेव्हा अम्मा तिथंच होती, लेकीला मदत म्हणून बीडहून आलेली. मला पाहताच आपाच्या सासूबाई म्हणाल्या, "आलास ते बरं झालं. मर्द गवाह पाहिजे."

मला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. दूध पाजल्याची गवाही दोन पुरुषांची लागते, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका. बायका होत्या, अम्मा आणि त्या स्वतः. दाई धर्मानं वेगळी, तिची चालणार नाही. नवऱ्यानं बायकोसाठी दिलेली धरत नाहीत. थोरल्या दिरांपुढं तर आपा पडद्यात. राहिलो मी, भाऊ.

"आणि पिवळं पाणी असेल तर नातं लागत नाही," त्या म्हणाल्या. "दूध पाहिजे. म्हणून नीट बघ."

आपा आतल्या खोलीत होती, मधे पडदा. थोड्या वेळानं पडद्याखालून तिचा हात आला. हातात औषध उगाळायचा काळा दगडी खल होता. खलाच्या तळाशी दूध होतं. घट्ट, पांढरं, काळ्या दगडावर लख्ख दिसणारं. सासूबाईंनी ते माझ्यासमोर बोंडल्यात ओतलं आणि पोराला मांडीवर आडवं घेऊन पाजलं. ते गटगट प्यायलं. ओठाच्या कडेनं एक ओघळ गळ्यापर्यंत गेला, तो अम्मानं पदरानं टिपला.

"काय रंग?" सासूबाईंनी विचारलं.

"पांढरा."

"मोठ्यानं."

"पांढरा!"

"अरे, कान फोडशील पोराचे," आपा आतून म्हणाली. ती हसत होती. त्या घरात तिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला मात्र इतकं अवघडल्यासारखं झालं होतं की चहा न घेताच मी नदीकडं निघून गेलो.

पुढची वर्षं चांगली गेली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला थोडंच आहे. पोर आपाच्या अंगावर पीत पीत वाढलं. तो चालायला लागल्यावरही धापा टाकत यायचा आणि तिच्या ओढणीत शिरायचा. जरा मोठा झाल्यावर जुम्म्याच्या दिवशी ती त्याच्या डोक्याला तेल लावायची, मग तो तिच्या. त्याला वेणी घालता यायची. इतर पोरं चिडवायची तर म्हणायचा, "तुमच्या अम्मांचे केस एवढे नाहीत, म्हणून जळता बे." मला तो मामू म्हणायचा.

मग दूल्हाभाई तापानं वारले. नवऱ्यामागं विधवेनं पाळायची आपाची इद्दत संपली आणि घरातला कारभार थोरल्या दिरांकडं आला. हे गृहस्थ वाईट नव्हते, हे मला नीट लिहायचं आहे, कारण पुढं आमच्या लोकांनी सगळा दोष त्यांच्यावर घातला. नमाज-रोजाचे पक्के, तोंडावर बोलणारे. पोराचा आवाज फुटायला लागला होता. दिरांनी उघड विचारलं की हा मुलगा विधवा बाईच्या खोलीत कोणत्या नात्यानं झोपतो. ते म्हणाले, गावात पाण्याचं ऐकू येतं, दुधाचं कोणी सांगत नाही. काझीसाहेबांना बोलावू, ते म्हणतील ते मला मान्य. दूध ठरलं तर लोकांची तोंडं मी स्वतः बंद करीन.

आपानं मला निरोप पाठवला. एवढाच, की तू ये आणि पाहिलंस ते सांग. तिला कसली काळजी नव्हती. त्या दिवशी तिनं पुऱ्या तळायला घेतल्या होत्या, हे मला अम्मानं नंतर सांगितलं.

कचेरीतले पेशकारसाहेब, माझे वरिष्ठ, त्यांचं उमापुरात काही काम निघालं आणि ते माझ्याच टांग्यातून आले. मला वाटलं, ते आपल्या कामाला जातील. पण दिरांनी त्यांना आग्रहानं बैठकीत बसवलं. मोठा माणूस घरी आलेला, त्याला कसं सोडणार. बैठकीत काझीसाहेब, दीर, गावातले दोन-चार बुजुर्ग आणि दिरांचा मेहुणा. हा मेहुणा मजलिस हसवणारा म्हणून ओळखला जायचा. पडद्यामागं आपा, अम्मा आणि सासूबाई. पोराला बाहेर अंगणात थांबवलं होतं.

आधी बायकांनी सांगितलं. सासूबाईंचा आवाज म्हातारपणानं फाटला होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट. दूध होतं, पांढरं होतं, माझ्या हातानं पाजलं. अम्मानंही तेच सांगितलं. मग काझीसाहेब माझ्याकडं वळले. मऊ बोलणारे, थकलेले गृहस्थ होते ते.

"मियाँ, तुम्ही काय पाहिलं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "भाईजान, तुम्ही बहिणीकडं गेला होतात की गवळ्याकडं?"

लोक हसले. फार नाही. दाढीत हसले. पेशकारसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. काझीसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पण माझे कान तापले होते. मला समोर एवढंच दिसत होतं की उद्या कचेरीत हे सगळं सांगितलं जाणार. माझ्या बहिणीचं अंग, तिचं दूध, आणि ते बघणारा मी.

"मी बाहेर होतो," मी म्हणालो.

"म्हणजे पाहिलं नाही?"

"पाहिलं नाही."

मग पडद्यामागून आपा बोलली. परक्या पुरुषांसमोर तिचा आवाज निघालेला मी त्याआधी ऐकला नव्हता. ती हळू म्हणाली, "भाई, खलातलं. आठव."

आठवायला काही नव्हतं. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी सतरंजीकडं बघून म्हणालो, "फार वर्षं झाली."

मग काझीसाहेब म्हणाले, "बाईंची बात खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण गवाही पुरी होत नाही. शंका उरते, शुबहा आहे. शुबह्यात पडदा बरा." दिरांनीही मान खाली घातली. मला वाटतं, त्यांनासुद्धा दुसरं उत्तर हवं होतं.

लोक उठले. पोराला कोणी काही सांगितलं नव्हतं. तळणाचा वास येत होता, तो नेहमीसारखा आतल्या दाराकडं निघाला. दिरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता इकडं बसायचं बेटा. बैठकीत." त्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कावून मामू?" त्यानं मला विचारलं. तो गावातल्या पोरांसारखंच बोलायचा. मी म्हणालो, मोठे सांगतात तसं करावं.

परतीला अम्मा माझ्याबरोबर टांग्यात होती. पेशकारसाहेब मागं थांबले होते. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "मी तुला पाजलं, त्याचा कोणी गवाह आहे का रे? नसेल तर मी उतरते. परक्या मर्दाबरोबर एका टांग्यात बसणं बरं नाही."

मी म्हणालो, "अम्मा, तिथं सगळे हसत होते."

"हो," ती म्हणाली. "ऐकलं मी. ती पण ऐकत होती."

मी काहीच केलं नाही असं नाही. काही महिन्यांनी काझीसाहेबांकडं गेलो आणि कोणा तिऱ्हाइताचं असल्यासारखं विचारलं, एखाद्याला नंतर आठवलं तर? त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, "ज्या मजलिसीत नाही म्हटलं, त्याच मजलिसीत जाऊन हो म्हणावं लागेल. आपण तेव्हा खोटं बोललो, हेही सांगावं लागेल. मी बसवीन मजलिस. तुम्ही सांगा केव्हा." मी बघतो म्हणालो. माझं तेव्हा बढतीचं चाललं होतं. मग बढती झाली, मग मुलीचं लग्न आलं. खोटा गवाह म्हणून नाव झालेल्या माणसाच्या मुलीचं लग्न कुठं जमतं, असं मी स्वतःला समजावलं. लग्न झालं, तरी गेलो नाही.

आपाच्या घरात बांबूच्या काड्यांची एक चिक टांगली गेली. पोरगा चिकेच्या अलीकडं बसून जेवायचा, आपा पलीकडं. ताट खालून सरकायचं. तो आजारी पडला तर सासूबाई त्याच्या कपाळाला हात लावून यायच्या आणि आपा त्यांना विचारायची, किती गरम आहे, हाताला लागतं का. तेल लावायचं बंद झालं. आपल्या केसांचं तिनं काय केलं, ते मी कधी विचारलं नाही. मिसरूड फुटल्यावर तो जालन्याला शिवणकाम शिकायला गेला आणि तिथंच दुकान टाकलं. ईदला यायचा. लग्न झालं तेव्हा सून चिकेच्या आत गेली, पुढं लेकरं आत गेली. एकदा माझ्यासमोर त्याच्या धाकट्या मुलानं आतून येऊन सांगितलं, "अब्बा, दादी विचारते तुमचा दात पडला का, बोलणं फुसकं येतंय." तो हसला आणि चिकेकडं बघून म्हणाला, "पडला अम्मी. पुढचाच पडला." म्हणजे त्याच्या दाढीत पांढरं आलं की नाही, हेही तिला लेकरांना विचारूनच कळत असेल.

आपा माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. मी गेलो की चहा करायची, मुलांची चौकशी करायची. तिनं एकदा तरी शिव्या दिल्या असत्या तर कदाचित मी बोललो असतो. ती विषय काढत नव्हती, आणि मीही नाही. असे आम्ही दोघं म्हातारे झालो.

ती गेली तेव्हा निजामाचं राज्य होतं अजून. सांगावा मिळताच तो जालन्याहून आला. घरात रीत चालू होती. तोंड बघायला नात्यातले पुरुष आत जात होते, ज्यांच्याशी पडदा नाही तेवढे. मी गेलो. तो दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. कोणी त्याला अडवलं नाही. तो स्वतःच आत आला नाही. इतक्या वर्षांनी त्याला सांगावं लागत नव्हतं.

कबरस्तानात बाईला कबरीत उतरवायला तिचे महरम, ज्यांच्याशी पडदा नाही असे पुरुष, लागतात. मी खाली उतरलो, आणि माझा मुलगा, तिचा सख्खा भाचा. आपाच्या त्या पोरानं खांदा दिला होता, पण कबरीपाशी आल्यावर तो चार पावलं मागं सरला आणि चपला हातात घेऊन उभा राहिला. मी खालून वर बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. तिथं कोणी हसणारं नव्हतं, दीर नव्हते, काझीसाहेब केव्हाच गेले होते. फक्त हाक मारायची होती, की खाली ये, ही तुझी आई आहे, मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "माती ओली आहे, जरा सांभाळून सोडा." ते मी जनाजा धरणाऱ्यांना म्हणालो.

त्यानंतर एकदा मुद्दाम जालन्याला गेलो, फक्त एवढ्यासाठी. त्यानं दुकानातली खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, माझी शेरवानी उसवलेली बघून अंगावरच टाके घातले. जवळ वाकला होता. त्याच्या दाढीत बरंच पांढरं होतं. दोरा तोडून म्हणाला, "मामू, अजून काही काम होतं का?" मी म्हणालो, नाही, सहज आलो होतो. त्यानं स्टेशनपर्यंत पोहोचवलं आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिला.

गेल्या हिवाळ्यात तोही गेला. त्याची मुलं त्याला पिंजाऱ्याचा पोरका, एका भल्या बाईनं सांभाळलेला, असंच समजतात. ते तसं नाही. त्यांनी हे वाचावं.

जालन्याला जाताना सबंध वाटेत मी जे घोकत होतो ते फार लांब नव्हतं. बेटा, त्या दिवशी बैठकीत मी खोटं बोललो. मी पाहिलं होतं. आपा तुझी आई होती, आणि मी लोकांना भिऊन तिला तुझ्यापासून तोडलं. तिची माफी मागायची राहून गेली, तुझी मागतो. मला माफ कर.